तटाला वाली कोण?



मार्कंड्याला येणारा भाविक आधी वैनगंगेत उतरतो. भंडाऱ्याकडून दक्षिणेची वाट धरून आलेली ही नदी येथे वळते आणि काही अंतर उत्तरवाहिनी होते. अशा ठिकाणच्या स्नानाचे पुण्य मोठे, या श्रद्धेने महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील या लहानशा गावात नदीकाठ माणसांनी फुलून जातो. स्नान झाले की मार्कंडेश्वराचे दर्शन, मग मंदिराच्या भिंतींवरील शिल्पांपुढे थोडे रेंगाळणे, मग यात्रेतील दुकाने. ज्या कोटाच्या आत हा सारा देवालयांचा समूह उभा आहे, त्या कोटाकडे मात्र क्वचितच कोणाची दृष्टी वळते. कोट म्हणजे भिंत, आणि भिंतीत पाहायचे काय?

१८७३-७४ च्या हिवाळी दौऱ्यांच्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम या प्रदेशात फिरला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा तो पहिला प्रमुख. मूळचा सैन्यातील अभियंता. त्याने मार्कंड्याच्या मंदिरांची तुलना खजुराहोशी केली, हे वाक्य आज प्रत्येक माहितीपत्रकात सापडते. परंतु त्याच्या पिढीतील माणसांनी जे दुसरे काम केले त्याची आठवण कोणी काढत नाही. त्यांनी देवालयांबरोबर आवाराचेही माप घेतले. १९६ फूट लांब, ११८ फूट रुंद. कोणते देऊळ कोठे आहे, कोणते पडले आहे, वीज कोसळून मुख्य मंदिराच्या शिखराचा भाग महामंडपावर कसा आदळला आणि गोंड राजांच्या काळात त्याला आधार देऊन कसे सावरले गेले, हे सारे कागदावर उतरले. परकीय सत्तेचे हेतू काय होते याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी, ती झालीही आहे. पण मापाची फीत धरणारा हात प्रामाणिक होता, एवढे मान्य करायला हरकत नाही.

या नोंदीचे मोल किती, हे गेल्या दशकात मार्कंडावासीयांनी डोळ्यांनी पाहिले. मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुरातत्त्व खात्याने वरचे दगड उतरवले. उतरवलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक पुसला गेला, किंवा दगड कोणत्या थरातला हे लिहिणारी वही हरवली, तर हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने घडवलेला तो दगड नुसता दगड उरतो. हे काम फार रेंगाळले, त्यावर लोकांनी आवाज उठवला, आणि तो उठवणे योग्यच होते. आवाज उठवायला माणसे होती, कारण आत महादेव आहे. त्याचे पुजारी आहेत, त्याचे भक्त आहेत, त्याची यात्रा आहे.

आता प्रश्न असा की, ज्या वास्तूत देव नाही तिच्यासाठी कोण बोलणार? तट, बुरूज, खंदक, चौकी, मोर्चा या वास्तू संकटकाळी उभ्या राहतात. संकट टळले की त्यांची कोणाला गरज उरत नाही आणि त्या कोणाच्याच राहत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत अशा वास्तूंची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्यांच्या नोंदीची.

या संदर्भात सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९४० च्या मे-जून महिन्यांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्लंडचे सैन्य कसेबसे मायदेशी परतले. तोफा, रणगाडे, वाहने फ्रान्समध्येच राहिली. जर्मन फौजा कोणत्याही दिवशी खाडी ओलांडून येतील या भीतीने त्या देशाने काही महिन्यांच्या अवधीत किनाऱ्यालगत आणि आतल्या भागात हजारो लहान चौक्या बांधल्या. काँक्रीटची किंवा विटांची ठेंगणी खोली, बहुधा षट्कोनी, जाड भिंती, सपाट छत आणि बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरत्या फटी. औषधाच्या गोळ्यांच्या डबीसारखी दिसते म्हणून तिला ‘पिलबॉक्स’ म्हणत. लंडनहून ठरावीक नमुन्यांचे नकाशे निघत, पण गावोगावचे ठेकेदार हाताशी असेल त्या सामानाने बांधत. त्यामुळे दोन चौक्या सहसा अगदी सारख्या नसत. काही ठिकाणी तर शत्रूच्या विमानांना चकवण्यासाठी चौकीला झोपडीचे किंवा दुकानाचे सोंग दिले होते.

जर्मन आक्रमण झाले नाही. एकही गोळी न झाडता या बहुतेक चौक्या निरुपयोगी झाल्या. काहींत शेतकऱ्यांनी गुरे बांधली, काहींत वटवाघळे राहायला आली, काही समुद्राने कडा खचवून गिळल्या, उरलेल्या रस्तारुंदीत गेल्या. घाईत आणि गुप्ततेत बांधलेल्या या चौक्यांची पूर्ण यादी खुद्द सरकारकडेही नव्हती! हेन्री विल्स नावाच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराने त्या शोधून टिपायला प्रारंभ केला आणि १९८५ मध्ये त्यांच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९९५ ते २००१ या काळात तेथील पुरातत्त्व परिषदेने देशभर मोहीम चालवली. त्यात निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते, जुने सैनिक होते. अशा शेकडो स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी फीत, वही आणि कॅमेरा घेऊन बांध तुडवले आणि सुमारे २०,००० स्थळांची नोंद केली. त्या नोंदींच्या आधारे पुढे कोणते स्थळ जपायचे हे ठरवता आले. विशेष म्हणजे ज्या चौक्या जपणे शक्य नव्हते, त्या निदान कागदावर तरी राहिल्या.

ज्या वास्तूंना वय अवघे पंचावन्न वर्षांचे, कला शून्य आणि सौंदर्य त्याहून कमी, त्यांच्यासाठी एक समाज इतके करतो. त्यात आंधळे कौतुक करण्यासारखे काही नाही. त्यांनी आपली भीती आठवणीत ठेवली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रात समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाची अशी वास्तू सापडली ती मुंबईत, आणि तीही राज्यपालांच्या अंगणात. मलबार हिलवरील राजभवनात भूमिगत वाट असल्याची कुजबुज जुन्या लोकांत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या सूचनेवरून बंद केलेली भिंत फोडण्यात आली. आत निघाले ५,००० चौरस फुटांहून मोठे भुयारी तळघर, १३ दालने, आणि २० फूट उंचीचे प्रवेशद्वार. दालनांवर ‘शेल स्टोअर’, ‘कार्ट्रिज स्टोअर’ अशी नावे शिल्लक होती. समुद्राकडे तोंड केलेल्या तोफांसाठी दारूगोळा साठवण्याची ती जागा. राज्यातील सर्वांत सुरक्षित पत्त्यावर, चोवीस तास पहारा असलेल्या आवारात, एवढी मोठी वास्तू अनेक दशके विस्मृतीत जाऊ शकते! कारण एकच, बंद करताना कोणी तिची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवली नाही. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय झाले आणि जून २०२२ मध्ये त्याच भुयारात क्रांतिकारकांच्या स्मृतींचे ‘क्रांतिगाथा’ दालन उघडले. ज्या कोठारातून साम्राज्याच्या तोफांना गोळे पुरवले जात, तेथे आज चापेकर, सावरकर यांचे स्मरण होते. काळाचा न्याय असा असतो. पण भिंत फुटली नसती तर हा न्यायही झाला नसता.

मुंबईहून पुन्हा आपल्या वनप्रदेशाकडे वळावे. येथे समुद्र नाही, पण नद्या आहेत. वर्धा, वैनगंगा, इरई, झरपट, प्राणहिता या नद्यांच्या काठानेच गोंड राजांनी आपल्या राजधान्या आणि गड वसवले. त्यांतील सर्वांत मोठी संरक्षक वास्तू म्हणजे चंद्रपूरचा परकोट.

या परकोटाच्या जन्माची कथा घरोघरी ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहाला अंगावर गाठींचा रोग होता. झरपटीच्या पात्रातील कुंडाचे पाणी लागून तो बरा झाला आणि तेथे अचलेश्वराचे स्थान प्रकटले. पुढे त्याच परिसरात त्याने एक अचंबा पाहिला. ससा पुढे आणि कुत्रा मागे, ही जगाची रीत. येथे ससाच त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! राणीने सल्ला दिला की या भूमीत पराक्रम आहे, ज्या वाटेने ही पळापळ झाली त्याच वाटेने शहराचा तट उभारावा. तट उभारणीला पिढ्या लागल्या. जटपुरा, बिनबा, अचलेश्वर आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, आणि चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड या पाच खिडक्या. ‘मसण खिडकी’ हे नाव उच्चारताच त्या वाटेने कोण आणि कोठे जात असे, ते वेगळे सांगावे लागत नाही. चंद्रपूरचा माणूस आजही पत्ता सांगताना या नावांचा आधार घेतो. शहराच्या बोलण्यात तट जिवंत आहे.

आता त्याची लांबी पाहा. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्रजी संदर्भग्रंथांत चांद्याच्या तटाचा घेर साडेपाच मैल दिला आहे. साडेपाच मैल म्हणजे नऊ किलोमीटरला थोडे कमी. आज भाषणांत, बातम्यांत आणि फलकांवर सर्वत्र ११ किलोमीटर हा आकडा दिसतो. दोन किलोमीटरचा फरक लहान नव्हे. कोणी बुरुजांचे वळण धरून मोजले असेल, कोणी आतील किल्ल्याची भिंतही धरली असेल. पण ज्या तटाच्या आत लाखो लोकांचे शहर वाढले, त्याच्या घेराचे दोन आकडे शेजारी शेजारी नांदतात आणि कोणी फीत घेऊन निघत नाही! शाळेच्या दोन तुकड्यांचे हे चार रविवारांचे काम आहे.

हा तट केवळ शोभेचा नव्हता. १८१८ च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ बाजीराव पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केल्यानंतर कर्नल अ‍ॅडम्सची इंग्रज फौज चांद्यावर चालून आली. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने गंगासिंग हा किल्लेदार शहर राखत होता. शरण येण्याचा निरोप त्याने मानला नाही. तोफांचा मारा आग्नेय कोपऱ्यावर एकवटला, तटाला खिंडार पडले आणि २० मे १८१८ रोजी इंग्रज सैन्य त्या खिंडारातून आत घुसले. गंगासिंग लढताना पडला. मराठ्यांच्या इतिहासात खडकी, कोरेगाव, अष्टी या नावांची उजळणी होते. चांद्याच्या तटावरील हा शेवटचा झगडा विदर्भाबाहेर किती जणांना माहीत आहे? खिंडार नेमके कोठे पडले, ते पुढे कोणत्या दगडाने बुजवले, जुना आणि नवा दर्जा कोठे जुळतो, हे त्या कोपऱ्यातील भिंतच सांगू शकेल. तिला विचारणारा मात्र हवा.

या तटाची अवस्था फार वर्षे शोचनीय होती. झाडेझुडपे माजली, पिंपळ-वडांच्या मुळांनी दर्जा फोडल्या, लगतच्या घरांनी भिंतीला पाठ टेकवली, बुरुजांवर कचरा पडू लागला. मार्च २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखाली पहाटे श्रमदान सुरू केले. रोज काही तास, सलग शेकडो दिवस. कोयते, फावडी आणि घमेली घेऊन त्यांनी बुरुजामागून बुरूज मोकळा केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’ मध्ये या कामाचा गौरव केला, तेव्हा चंद्रपुरात अनेकांना प्रथमच कळले की आपल्या घरामागे किल्ला आहे. ही थट्टा नाही. वर्षानुवर्षे झुडपांनी झाकलेला बुरूज शेजाऱ्यालाही दिसत नाही.

या कामाचे कौतुक कराल तितके थोडे. मात्र त्याला जोडून एक पथ्य सांगितले पाहिजे, आणि ते केवळ चंद्रपूरसाठी नाही. स्वच्छतेच्या आधी नोंद व्हावी. राज्यभर दुर्गसंवर्धनाचा उत्साह मोठा आहे आणि तो शुभ आहे. परंतु उत्साहाच्या भरात ढासळलेले दगड उचलून एका बाजूला रचले जातात, ‘नीटनेटके’ दिसावे म्हणून खंदकातील ढीग हलवले जातात, कोठे सिमेंटचा गिलावा चढतो. पडलेला दगड कोठे पडला आहे हाही पुरावा असतो. तो हलवण्यापूर्वी एक छायाचित्र आणि दोन मापे घेतली असती तर बिघडले काय असते? शेंदराचेही तसेच. कोरीव दगड दिसला की त्याला शेंदूर लावून देव करण्याची आपली रीत श्रद्धेतून आली आहे, तिचा अनादर कोणी करू नये. पण थरावर थर चढला की त्याखालची अक्षरे वाचता येत नाहीत, आणि मग देवालाही आपली ओळख सांगता येत नाही.

चंद्रपूरचा तट निदान डोळ्यांपुढे आहे. १८५८ चे रणक्षेत्र तर भिंतीवाचूनचे आहे, त्यामुळे त्याची नोंद अधिक अवघड. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांना संघटित करून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. पुढे गढीसुर्ल्याच्या डोंगरावर इंग्रज सैन्याने त्यांच्या तळाला वेढा घातला, तेव्हा वरून मोठमोठे दगड लोटून त्यांनी वेढा हाणून पाडला. २९ एप्रिलला प्राणहितेच्या परिसरात चिंचगुंडीच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. सप्टेंबरमध्ये बाबुराव दगाफटक्याने पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. तो तुरुंगही गोंड राजांच्या जुन्या किल्ल्यातच आहे. पूर्वजांच्या तटाच्या आत त्या वीराचा प्राण घेतला गेला.

गढीसुर्ल्याचा डोंगर हाच त्या दिवशीचा किल्ला होता आणि दगड हीच तोफ. काँक्रीटची चौकी नाही, बुरूज नाही, फलकही सापडेलच असे नाही. तेथे नोंद करायची म्हणजे काय करायचे? डोंगराचा कोणता उतार सुट्या दगडांचा आहे, पाण्याचा झरा कोठे आहे, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट कशी चढते, हे पाहायचे. गावातील वृद्ध त्या जागांना कोणत्या नावांनी ओळखतात ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे. नाव गोंडीत असेल तर गोंडीतच लिहायचे, मराठीत ‘शुद्ध’ करायला जाऊ नये. टेकडीचे, नाल्याचे, पहाडीवरील देवस्थानाचे गोंडी नाव हाच पुष्कळदा एकमेव शिलालेख असतो. तो बोलणारी पिढी थकत चालली आहे.

दोन्ही जिल्ह्यांतील इतर गडांची नुसती नावे घेतली तरी वेळ पुरणार नाही. आरमोरीजवळचे वैरागड हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. ‘ऐन-इ-अकबरी’ सारख्या ग्रंथात त्याची दखल आहे. खाणींच्या रक्षणासाठी बांधलेला तेथील किल्ला खंदकासह उभा आहे. गावातील भंडारेश्वराच्या मंदिरात दिवा लागतो, किल्ल्यात गवत वाढते. वर्धेकाठचे बल्लारपूर, भद्रावती, राजुऱ्याच्या पलीकडील माणिकगड, कोरची भागातील तलाव असलेला टिपागड. प्रत्येकाची कथा वेगळी आहे. काही संरक्षित आहेत, काही वनखात्याच्या हद्दीत आहेत, काहींच्या बुंध्याशी शेती आली आहे. एटापल्लीच्या सुरजागडचा डोंगर तर लोहखनिजामुळे साऱ्या देशाला माहीत झाला. त्याच डोंगराशी ठाकुरदेवाची श्रद्धा जोडलेली आहे, हे खनिजाच्या नकाशात दिसत नाही. जेथे यंत्रे चालणार असतील तेथे नोंदीचे काम यंत्रांच्या आधी व्हावे, ही मागणी विकासविरोधी नाही.

आता एका अगदी अलीकडच्या आणि नाजूक विषयाकडे वळणे प्राप्त आहे. गडचिरोली जिल्ह्याने १९८० पासून नक्षली हिंसाचाराची साडेचार दशके सोसली. २००९ या एकाच वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी पोलीस दलाचे ४८ जवान हुतात्मा झाले. त्यांत महिला पोलीसही होत्या. जांभुळखेड्याची १ मे २०१९ ची घटना अजून ताजी आहे. या काळात दुर्गम भागात पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. त्यांच्याभोवती काटेरी तारांचे वेढे, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, पत्र्याच्या छताखालील पहाऱ्याच्या चौक्या, टेहळणीचे मनोरे आले. एखाद्या चौकीत चार-चार पावसाळे काढलेला जवान आणि त्या चौकीच्या सावलीत शाळेत गेलेले मूल या दोघांनाही त्या पोत्यांचा वास ओळखीचा आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. गडचिरोलीच्या इतिहासातील हे मोठे वळण आहे.

शांतता जशी स्थिर होईल तसे हे मोर्चे निघतील, आणि ते निघालेच पाहिजेत. दोन पावसाळ्यांत पोते कुजते, वाळू वाहून जाते, पत्रा दुसऱ्या कामाला लागतो. दगडी तट शतके टिकला म्हणून त्याला विसरण्याची चैन आपल्याला परवडली. वाळूच्या मोर्चाबाबत तेवढीही सवड मिळणार नाही. जेथे केंद्र चालू आहे तेथे अर्थातच कोणी कॅमेरा घेऊन जाऊ नये, सुरक्षेहून मोठी कोणतीही नोंद नाही. परंतु जे केंद्र हलवले गेले, जी चौकी सोडली गेली, तिची पोलीस अधीक्षकांच्या अनुमतीने रीतसर नोंद व्हावी. नकाशा, चार बाजूंची छायाचित्रे, तेथे सेवा केलेल्या जवानांच्या आणि जवळच्या पाड्यावरील लोकांच्या आठवणी. दोहोंच्याही. ज्या गावाने रात्रीच्या बैठकांची धमकी आणि दिवसाची चौकशी दोन्ही सोसली, त्या गावाचे म्हणणे वगळून केलेली नोंद अर्धी राहील. इंग्लंडने आपल्या चौक्यांची मोजणी पंचावन्न वर्षांनी सुरू केली तेव्हा त्यांत उभ्या राहिलेल्यांपैकी पुष्कळजण निघून गेले होते. येथे अजून सर्व पिढ्या बोलत्या आहेत.

हे सारे करायला मोठा निधी लागत नाही. तीस मीटरची फीत, चौकटींची वही, साधा मोबाइल. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, ते वहीत लिहावेत. मोबाइल हरवतो, वही घरात राहते. छायाचित्रात मोजपट्टी किंवा निदान एखादी काठी ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळतो. एका पानावर एकच वास्तू. गावाचे नाव, जागेचे स्थानिक नाव, जागा कोणाच्या मालकीची, लांबी, रुंदी, उंची, दगड की वीट की माती, दर्जात चुना आहे की नाही, आज कशासाठी वापर होतो, कोणापासून धोका आहे, माहिती कोणी दिली आणि कोणत्या दिवशी. खणू नये, दगड हलवू नये, भिंतीवर चढून दगड सैल करू नये. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरपर्यंत निर्बंध आहेत, हे २०१० च्या दुरुस्तीने ठरले आहे. गावकऱ्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगावी. आपले घर पाडायला कोणी आले आहे या धास्तीने पुष्कळ जागा दाखवल्याच जात नाहीत, आणि ती धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात द्यावी.

दिवसही पाहून ठरवावेत. पावसाळ्यात या मुलखात गवत पुरुषभर वाढते, पायाखाली काय आहे ते कळत नाही. उन्हाळ्यात लोक मोह आणि तेंदूपानाच्या हंगामात गुंतलेले असतात, बोलायला कोणी घरी सापडत नाही. मार्गशीर्ष ते माघ हे तीन महिने उत्तम. धानाची कापणी-मळणी उरकलेली असते, गवत वाळून खाली बसते, तटाच्या रेषा जमिनीतून वर येतात. माघाच्या अखेरीस महाशिवरात्र येते आणि दोन्ही जिल्ह्यांतील गावोगावचे वृद्ध याच वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला मुक्कामाला असतात. कोणत्या पहाडीवर जुने दगड रचलेले आहेत, कोणत्या नाल्याकाठी तोफेचा गोळा सापडला अशी बोलवा आहे, कोणता बांध मुळात खंदक होता, हे त्यांच्याजवळ बसून विचारता येते. यात्रेतल्या मंडपात एक सतरंजी अंथरावी, एक वही ठेवावी आणि अक्षर चांगले असलेल्या दोन मुलांना तेथे बसवावे.